झोका झाडाला, ऊब पाठीला!

हॅमॉक घेतला, झाडं शोधली, फोटोही टाकले... पण रात्री दोन वाजता पाठ गारठली त्याचं काय? हॅमॉकच्या पोटाखाली बांधायची 'अंडरक्विल्ट' निवडताना हवामानाला, खिशाला आणि झोपेला काय मानवतं, त्याचा हा हिशेब.

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये लॅपटॉपच्या बॅगेसोबत एखादी फुगलेली सॅक दिसली की ओळखायचं, पार्टी वीकएंडला शहराबाहेर निघालीय. पूर्वी या सॅकला बाहेरून गुंडाळलेली मॅट बांधलेली असायची. आता तिच्या आत पाण्याच्या बाटलीएवढी एक पिशवी असते. दोन झाडं गाठायची, पट्टे गुंडाळायचे, कॅराबिनर अडकवायचा की पाच मिनिटांत पलंग तयार! खाली दगड टोचत नाहीत, मुंग्या येत नाहीत, उतार असला तरी फरक पडत नाही. टेंटचे खांब आणि खुंट्या वाहायची कटकट नाही ती वेगळीच. हॅमॉक म्हणजे एकदम सही काम.

निदान रात्री बारापर्यंत तरी.

त्यानंतर काय होतं, ते डिसेंबरात हॅमॉकमध्ये झोपलेल्या कुणालाही विचारा. अंगावर महागडी स्लीपिंग बॅग, डोक्यावर माकडटोपी, पायात दोन-दोन मोजे आणि तरीही पाठ आणि कंबर बर्फासारखी. कूस बदलली की थंडीही कूस बदलते. दोन वाजता जाग येते, तीनला कुडकुडणं सुरू होतं आणि चारला शेकोटीच्या राखेशेजारी उकिडवं बसून सूर्याची वाट बघणं नशिबी येतं. सोमवारी डेस्कवर जांभया देताना मनात एकच ठराव पास होतो- हॅमॉक आपल्यासाठी नाही.

थांबा मंडळी! दोष हॅमॉकचा नाही, आपल्या थंडीच्या बंदोबस्ताचा आहे. आपण ऊब वर घेतली आणि थंडी खालून आली.

थंडी खालून का येते?

स्लीपिंग बॅग किंवा रजई स्वतः गरम नसते. तिच्या आत अडकून पडलेली हवा शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही, एवढंच तिचं काम. आपली आजी हे फिजिक्स न शिकता जाणायची. दर काही वर्षांनी गादीचा कापूस पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यायचा, कारण दबलेला कापूस ऊब देत नाही आणि पिंजलेला देतो. कापूस तोच, वजन तेच, फरक फक्त आत मावणाऱ्या हवेचा.

आता हॅमॉकमध्ये काय होतं बघा. तुमच्या वजनाखाली स्लीपिंग बॅगचा खालचा भाग चपटा होतो. आतली हवा निघून जाते, उरतं फक्त दोन पातळ कापडं आणि त्यांच्यात चिरडलेलं भरण. जमिनीवर झोपलात तर निदान खालून वारा तरी लागत नाही. हॅमॉकच्या खाली मात्र मोकळी हवा असते आणि ती वाहती असते. तुमच्या शरीरानं तापवलेला हवेचा थर ती उचलून नेते, नवा गार थर आणून लावते. रात्रभर. उन्हाळ्यात हीच गोष्ट वरदान असते, हिवाळ्यात तोच शाप.

पारा साधारण वीस अंशांच्या खाली गेला की बहुतेकांना पाठीखाली काहीतरी लागतंच. वारा असेल तर त्याही आधी.

यावर उपाय दोन. एक, हॅमॉकच्या आत फोमची मॅट घालणं. दोन, हॅमॉकच्या बाहेर, खालच्या बाजूला रजई टांगणं. ही टांगलेली रजई म्हणजेच अंडरक्विल्ट. ती बाहेर असल्यामुळे तुमचं वजन तिच्यावर पडत नाही. ती चपटी होत नाही, फुगलेलीच राहते. फंडा इतका सोपा की आधी कसा सुचला नाही असं वाटावं.

जन्म तिकडचा, गरज इकडची

हॅमॉक हा शब्द आला कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या 'हमाका'वरून. १४९२ मध्ये कोलंबस तिथं पोचला आणि मग हे झुलतं अंथरूण युरोपात, जहाजांवर आणि जगभर पसरलं. तिकडची हवा उबदार, त्यामुळे खालून पांघरूण घ्यायचा प्रश्न कुणाला पडला नसावा.

तो प्रश्न अमेरिकेतल्या ट्रेकर्सना पडला. जॉर्जियापासून मेनपर्यंत जाणारी सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची अॅपलाचियन ट्रेल ही पायवाट बहुतांश दाट जंगलातून जाते. जमीन ओली, मुळांनी भरलेली, पण झाडं हवी तेवढी. म्हणजे हॅमॉकसाठी स्वर्गच. फक्त वसंतातही रात्री पारा शून्याजवळ जातो. मग २००० नंतरच्या दशकात तिथल्या छोट्या-छोट्या उद्योगांनी, अनेकांनी तर घरच्या शिलाई मशीनवर, अंडरक्विल्ट शिवून विकायला सुरुवात केली. हॅमॉक गिअर, वॉरबॉनेट ही या दुनियेतली आजची परिचित नावं. अंडरक्विल्टचा बाजार आजही बऱ्याच अंशी अशा छोट्या कारखान्यांचाच आहे.

इकडे मुंबई-पुण्यातून बाहेर पडणाऱ्यांची गरज थोडी वेगळी. आपल्याकडे वर्षातले सात-आठ महिने अंडरक्विल्ट लागतच नाही. कोकणात तर फारच क्वचित. लागते ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी घाटमाथ्यावर आणि कधीही हिमालयात. म्हणून दुकानात किंवा वेबसाइटवर जाण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा.

आधी सांगा, जाणार कुठे?

ढोबळ नियम असा की दर हजार मीटर उंचीला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर. म्हणजे हिशेबानं सात अंशांचा फरक. पण रात्रीच्या थंडीला एवढं सरळ गणित मान्य नसतं. रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि खोलगट जागी साचते. महाबळेश्वरात दव गोठल्याची बातमी येते ती वेण्णा तलावाच्या परिसरातून, ती याचमुळे. तलावाकाठी हॅमॉक टांगलात तर फोटो झक्कास येईल, रात्र मात्र जड जाईल. त्याच डोंगराच्या मधल्या उतारावर, वाऱ्याच्या आडोशाला टांगलात तर दोन-चार अंशांची सूट फुकटात मिळू शकते.

तर तुमची यादी बनवा. सह्याद्रीतच फिरणार असाल तर आठ-दहा अंशांपर्यंतची तयारी पुरे. कधीतरी पाच अंश, असं धरून चाला. हिमाचलमध्ये देवदारांच्या जंगलात ऑक्टोबरात मुक्काम करायचा असेल तर शून्य किंवा त्याखालची तयारी हवी. आणि हाय अल्टिट्यूड ट्रेकची स्वप्नं असतील तर हॅमॉक घरीच ठेवा. बुग्याळांच्या वर झाडंच नाहीत, टांगणार कशाला?

पिसं की पॉलिस्टर?

अंडरक्विल्टच्या पोटात काय भरलंय यावर तिची किंमत, वजन आणि स्वभाव ठरतो.

पहिला प्रकार डाऊन, म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवरची मऊ लव. तिचा दर्जा 'फिल पॉवर'मध्ये मोजतात. ८०० फिल पॉवर म्हणजे एक औंस, अर्थात २८ ग्रॅम डाऊन, ८०० घन इंच जागा व्यापते. आपल्या भाषेत सांगायचं तर २८ ग्रॅममध्ये सुमारे १३ लिटर हवा अडकते! पिंजाऱ्याचा आदर्श म्हणा ना. आकडा जितका मोठा, तितकी कमी वजनात जास्त ऊब. साडेसहाशेपासून साडेनऊशेपर्यंतचे आकडे बाजारात दिसतात. उणे सहा-सात अंशांसाठी बनवलेली पाऊण लांबीची डाऊन अंडरक्विल्ट अर्ध्या किलोच्या आतबाहेर भरते आणि दाबली तर छोट्या उशीएवढी होते.

मग अडचण काय? पाणी. डाऊन ओली झाली की तिचे गठ्ठे होतात, हवा जाते, ऊब जाते. वाळायलाही वेळ लागतो. हल्ली पाणी झिडकारणारी प्रक्रिया केलेली डाऊन मिळते. त्यानं थोडा दिलासा मिळतो, कवच नाही. आणि पिसं म्हटल्यावर ज्यांचं मन कचरतं त्यांनी निदान 'रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड'चं लेबल बघावं. पक्ष्यांना जिवंतपणी ओरबाडलेलं नाही, याची हमी देणारं हे प्रमाणपत्र २०१४ मध्ये सुरू झालं.

दुसरा प्रकार सिंथेटिक, म्हणजे पॉलिस्टरचे तंतू. क्लायमाशील्ड अपेक्स, प्रायमालॉफ्ट ही यातली नावाजलेली नावं. प्रायमालॉफ्ट १९८० च्या दशकात अमेरिकन लष्करासाठी विकसित झालं, तेही डाऊनला ओलाव्यात टिकणारा पर्याय हवा होता म्हणून. सिंथेटिक भरण जड असतं, कमी दाबलं जातं आणि वर्षानुवर्षं दाबून-दाबून त्याचा फुगीरपणा लवकर ओसरतो. पण ओलं झालं तरी बऱ्यापैकी ऊब देतं, पटकन वाळतं आणि स्वस्त असतं.

अपेक्ससारख्या भरणात जाडी वजनावर सांगतात. ढोबळमानानं चौरस मीटरला ८५ ग्रॅमचं भरण दहा अंशांपर्यंत, १२० ग्रॅमचं चार-पाच अंशांपर्यंत आणि १७० ग्रॅमचं शून्याच्या आसपास चालतं.

सह्याद्रीपुरता विचार केला तर कौल सिंथेटिकलाच. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहाटे दव इतकं पडतं की बाहेर टाकलेला टॉवेल पिळता येईल. अंडरक्विल्ट तर हॅमॉकच्या बाहेरच लटकणार. शिवाय मुंबईच्या पावसाळ्यात चार महिने ती कपाटात दमट हवा खाणार. कोरड्या थंडीत, वजन पाठीवर वाहत आठवडाभर चालायचं असेल तर मात्र डाऊनला तोड नाही.

आणि गोधडी? हा प्रश्न घरून येणारच! गोधडी प्रेमाची असली तरी ती सुती कापडाचे थर घट्ट शिवून केलेली असते. आत हवा कमी, वजन जास्त आणि दव पिऊन ती आणखी जड होते. खोलीत अंगावर घ्यायला ती बेस्ट, झाडाखाली टांगायला नाही.

पूर्ण की पाऊण?

अंडरक्विल्ट साधारण दोन मापांत मिळते. फुल लेंग्थ म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत, सुमारे दोन मीटर. थ्री-क्वार्टर म्हणजे खांद्यांपासून पोटऱ्यांपर्यंत, सव्वा ते दीड मीटर. हॅमॉक गिअरची 'इन्क्युबेटर' पहिल्या प्रकारातली, 'फिनिक्स' दुसऱ्या.

पाऊण लांबीत पैसे, वजन आणि सॅकमधली जागा तिन्ही वाचतात. धड झाकलेलं असलं की बहुतेक काम भागतं. पायांखाली बसायची छोटी फोमची मॅट, रिकामी सॅक किंवा जाडसर जॅकेट सरकवलं की झालं. दहा अंशांच्या सह्याद्रीसाठी हे उत्तम. पण ज्यांचे पाय ऑफिसच्या एसीतही गार पडतात, जे झोपेत वर-खाली सरकतात किंवा शून्याखाली जाणार आहेत, त्यांनी फुल लेंग्थच घ्यावी. मध्यरात्री अंधारात पायाखालची मॅट शोधणं हा काही फार मजेचा खेळ नाही.

रुंदीही बघा. हॅमॉकमध्ये केळ्यासारखं वाकून सरळ झोपायचं नसतं, थोडं तिरपं झोपायचं असतं. मग पाठ जवळजवळ सपाट राहते. तिरपं झोपलं की खांदे आणि पाय मधल्या रेषेपासून बाजूला जातात. ११०-११५ सेंटिमीटर रुंदी बहुतेकांना पुरते. अंगानं आडवे असाल तर जास्त घ्या.

आणखी एक, आपला हॅमॉक कोणता हे आधी बघा. दोन्ही टोकांना कापड चुण्या घालून गोळा केलेला नेहमीचा हॅमॉक असेल तर बहुतेक अंडरक्विल्ट बसतात. दोन टोकांना काठ्या लावून सपाट केलेला 'ब्रिज हॅमॉक' असेल तर त्याच्या मापाचीच लागते. वॉरबॉनेटच्या 'वूकी'सारखी काही मॉडेल्स ठरावीक हॅमॉकच्या आकारालाच शिवलेली असतात. ऑर्डर देण्याआधी बारीक अक्षरं वाचा.

लेबलवरचे अंश किती खरे?

लेबलवर लिहिलंय २० अंश. म्हणजे महाबळेश्वरच्या दुपारसाठी? नाही हो! अमेरिकन मालावर तापमान फॅरनहाइटमध्ये असतं. २० फॅरनहाइट म्हणजे उणे सात सेल्सिअसच्या आसपास, ४० म्हणजे साधारण साडेचार, ५० म्हणजे दहा. हे तीन आकडे मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा.

दुसरी गोम याहून महत्त्वाची. स्लीपिंग बॅगसाठी युरोपात २००२ पासून ईएन १३५३७ हे प्रमाण आलं, २०१६ मध्ये त्याची जागा आयएसओ २३५३७ नं घेतली. त्यात प्रयोगशाळेत उष्णता देणारा पुतळा झोपवून 'कम्फर्ट' आणि 'लोअर लिमिट' असे वेगवेगळे आकडे काढतात. कम्फर्ट हा आकडा सर्वसाधारण स्त्रीसाठी, लोअर लिमिट सर्वसाधारण पुरुषासाठी. अंडरक्विल्टला हे प्रमाण लागू नाही. तिच्यावरचा आकडा हा बनवणाऱ्याचा अनुभव आणि अंदाज. कुणी आरामात झोप लागेल तो आकडा लिहितो, कुणी जेमतेम रात्र निघेल तो.

म्हणून जिथं जाणार तिथल्या सर्वांत कमी अपेक्षित तापमानापेक्षा पाचेक अंश खालची अंडरक्विल्ट घ्या. थंडी सोसत नसेल तर आणखी खालची. गरम झालं तर दोरी सैल करून हवा आत घेता येते. गारठलात तर दोरी आवळून नवीन ऊब तयार होत नाही.

हे केवळ आरामाचं प्रकरण नाही बरं का. शरीराचं तापमान धोकादायक पातळीवर उतरायला बर्फ लागत नाही. दहा अंशांतही ओले कपडे, वारा आणि थकवा एकत्र आले की हायपोथर्मिया होऊ शकतो. अनावर कुडकुडणं, अडखळतं बोलणं, बोटांनी साधी चेनही लावता न येणं, ही त्याची लक्षणं. अशा वेळी 'होईल सकाळ' म्हणून पडून राहायचं नाही. कोरडे कपडे, गरम गोड पेय, वाऱ्यापासून आडोसा आणि सोबत्याला उठवणं हे लगेच करायचं. आणि थंडीनं झोप येत नाही म्हणून पहाटे तीनला अंधारात गड उतरायला निघणं हा तर त्याहून वाईट पर्याय. अर्धवट झोपेतले पाय आणि सुटे दगड यांचं कधीच जमत नाही.

सगळी कमाल बांधण्याची

वीस हजारांची अंडरक्विल्ट चुकीची टांगली तर ती दोनशे रुपयांच्या चादरीइतकीही उपयोगी नाही. ती हॅमॉकला खालून अलगद चिकटून राहायला हवी. मधे पोकळी राहिली की गार हवा तिथून वाहणार. फार आवळली तर भरण दबणार. दोन्हींत पाठ गारच!

दोन्ही टोकांना इलॅस्टिक दोऱ्या असतात, त्या हॅमॉकच्या टोकांना अडकवायच्या. मग हॅमॉकमध्ये झोपून, नेहमीसारखं तिरपं होऊन, अंडरक्विल्ट खांद्यांपासून सुरू होतेय ना ते बघायचं. आता मित्राला खालून हात घालायला सांगा. कमरेखाली पोकळी लागली तर दोरी थोडी आवळा. टोकांना चुण्या घालणारी दोरी असते, तिनं वाऱ्याची वाट बंद करायची, पण इतकीही नाही की मधला भाग ताणला जाईल. पाच मिनिटं पडून राहा. कुठं गार लागतंय ते पाठच सांगते.

हॅमॉकही नीट टांगलेला हवा. पट्ट्यांचा जमिनीशी कोन तीस अंशांच्या आसपास ठेवा. हौसेनं हॅमॉक सतारीच्या तारेसारखा ताणू नका. ७० किलोच्या माणसाचा तीस अंशांच्या कोनात प्रत्येक पट्ट्यावर सुमारे ७० किलोचा ताण येतो, दहा अंशांच्या कोनात तोच २०० किलोपर्यंत जातो. शिवाय ताणलेल्या हॅमॉकच्या कडा खांदे आवळतात आणि अंडरक्विल्ट अंगाला लागत नाही.

हा सराव ट्रेकच्या रात्री करू नका. सोसायटीच्या बागेत किंवा मित्राच्या फार्महाऊसवर एकदा टांगून बघा. बाल्कनीच्या रेलिंगला मात्र अजिबात नाही, ते या ताणासाठी बनवलेलं नसतं.

आता पैशांचं बोला

परदेशी सिंथेटिक अंडरक्विल्ट साधारण शंभर-दीडशे डॉलरला, डाऊनची दोनशे ते साडेतीनशे डॉलरला. रुपयांत गुणाकार तुम्हीच करा, वर कुरिअर आणि कस्टम ड्युटी. अमेरिकेतून सुट्टीवर येणाऱ्या मित्राच्या बॅगेत जागा मिळाली तर सोन्याहून पिवळं!

पण तुम्ही वर्षात अशा थंडीच्या रात्री बाहेर काढता किती? दोन? चार? तेवढ्यासाठी अर्धा ईएमआय घालवण्याआधी दोन स्वस्त वाटा आहेत.

पहिली, साधी फोमची मॅट. काही शे रुपयांत मिळते, जमिनीवरही चालते. ती हॅमॉकच्या आत घालायची. घसरते, कडक लागते, पाठीला घाम सुटतो आणि खांदे तिच्या बाहेर राहतात, हे खरं. हॅमॉक दुहेरी कापडाचा असेल तर मॅट दोन थरांच्या मधे सरकवा, घसरणं थांबतं. सह्याद्रीतल्या पंधरा अंशांना एवढं पुष्कळ.

दुसरी वाट आपल्या गल्लीतल्या टेलरकाकांकडे जाते. घरात पडून असलेला पॉलिस्टर भरलेला हलका एसी कम्फर्टर घ्या. सुती नको. सुमारे १४० सेंटिमीटर लांब, ११५ सेंटिमीटर रुंद असा तुकडा करून कडा शिवून घ्या. चारही बाजूंना नेफा शिवायला सांगा. हो, पायजम्याला असतो तोच नेफा! लांब बाजूंच्या नेफ्यांतून इलॅस्टिक दोरी ओवून तिची टोकं हॅमॉकच्या दोन्ही टोकांना अडकवायची, आखूड बाजूंच्या नेफ्यांत चुण्या घालायला पातळ दोरी. वजन किलोच्या पुढे जाईल, सॅकमध्ये जागाही खाईल आणि हिमालयात ती नेऊ नका. पण राजमाचीच्या वाटेवरच्या एखाद्या गावाजवळ किंवा भंडारदऱ्याच्या परिसरात डिसेंबरची रात्र आरामात निघेल. मुख्य म्हणजे हॅमॉकमधली झोप आपल्याला मानवते का, हे महागडी खरेदी करण्याआधी कळेल.

एक छुपा फायदाही सांगून ठेवते. हॅमॉकच्या पातळ कापडातून डास खालून चावतात, वरची मच्छरदाणी तिथं काहीच करू शकत नाही. अंडरक्विल्ट ते बंद करते.

घरी आणल्यावर

अंडरक्विल्ट तिच्या छोट्या पिशवीत कोंबून वर्षभर ठेवू नका. भरण कायमचं दबतं. मोठ्या सुती पिशवीत, जुन्या उशीच्या दोन अभ्र्यांत किंवा हँगरवर सैल ठेवा. ट्रेकवरून आल्यावर कितीही झोप येत असली तरी आधी तिला पंख्याखाली पसरा. डाऊन असेल तर नेहमीच्या डिटर्जंटऐवजी डाऊनसाठीचा सौम्य साबण वापरा आणि मशीनच्या जोरदार फिरकीपासून तिला लांब ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी कपाटाबाहेर काढून हवा द्या, नाहीतर बुरशीचे ठिपके पुढच्या नोव्हेंबरात तुमचं स्वागत करतील.

झाडाचंही ऐका

हे सगळं ज्याच्या जिवावर, ते झाड विसरून चालणार नाही. पातळ दोरी साल कापते, म्हणून किमान इंचभर रुंद पट्टे वापरा. जिवंत, मांडीहून जाड खोड निवडा. वर बघा. वाळलेली फांदी नको, नारळ नको आणि आग्या मोहोळ तर मुळीच नको. मोहोळ दिसलं तर तिथं शेकोटीही नाही. देवराईत पट्टे बांधायचे नाहीत, ती गावाची श्रद्धा आहे. अभयारण्यांत आणि अनेक गडांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी किंवा परवानगीची अट असते, ती आधी विचारून घ्या. गावाजवळ असाल तर झाडाच्या मालकाला विचारा. बहुतेक वेळा परवानगीसोबत चहाही मिळतो.

निघण्यापूर्वीची यादी

- किती अंशांत झोपणार? त्यातून पाच वजा करा.
- लेबलवरचा आकडा फॅरनहाइट की सेल्सिअस?
- दव-पाऊस जास्त तर सिंथेटिक, कोरडी थंडी आणि लांब चाल तर डाऊन.
- सह्याद्रीसाठी पाऊण लांबी, शून्याखाली पूर्ण.
- आपल्या हॅमॉकच्या प्रकाराला बसते ना?
- वर्षाला चारच रात्री? आधी मॅट किंवा टेलरकाका.
- टांगण्याचा एक सराव घराजवळ.

आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती महिन्याला एखादाच वीकएंड असा लागतो, ज्यात फोन वाजत नाही आणि कॉल नसतो. तो कुडकुडत घालवायचा की झाडांच्या पानांतून चांदण्या मोजत डोळा लागू द्यायचा, हे पाठीखालच्या चार बोटं जाड हवेवर ठरतं. तेवढी हवा सॅकमध्ये भरायला विसरू नका!